पंधरा रुपयांचा नट

ऐकता ऐकता मापं लिहून घेता येत नाहीत, असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं. म्हणून हा भाग जसा बोललो तसाच इथे उतरवलाय. मधलं अडखळणं आणि मागे भुंकणारा कुत्रा तेवढा काढलाय.

कोणी बसमध्ये असाल, कोणी वाडीत शिंपण करत असाल, कोणी अंथरुणात पडून एका कानात हेडफोन घालून ऐकत असाल. आज सुरुवातीलाच एक आवाज ऐकवतो. थांबा, खिशातून काढतो. हा असा टेबलावर पडला... ऐकलंत? हा नट आहे. आठ एमएमचा, खाली रुंद कॉलर असलेला. आमच्याकडच्या दुकानात याला पंधरा रुपये पडतात. आणि याच्यासारख्याच एका नटामुळे माझ्या काकाच्या नडगीवर सात टाके पडले. तो नट हरवला होता मी.

आज चेनसॉबद्दल बोलायचंय. आमच्याकडे तिला कोणी चेनसॉ म्हणत नाही, कटर म्हणतात. पेट्रोलवर चालणारी, दोन हातांत धरायची करवत. पट्टीभोवती दातेरी चेन फिरते आणि झाड कापलं जातं. यूट्यूबवर तिचे व्हिडिओ लाखो लोक बघतात, मोठं झाड आडवं होतं, धुरळा उडतो, मजा येते. तिच्या स्क्रूंचे व्हिडिओ कोणी बघत नाही. आज मी स्क्रूंबद्दलच बोलणार आहे, सहन करा.

३ जून २०२०. रायगडच्या किनाऱ्यावरच्या कोणालाही ही तारीख विचारा. निसर्ग वादळ. बुधवार होता. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, लॉकडाऊनमुळे घरी आलेलो. आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात. दुपारी वारा सुटला तेव्हा आम्ही सगळे मधल्या खोलीत बसलो होतो, आणि बाहेर माडांचा आवाज येत होता. माड मोडताना आधी कुरकुरतो, मग एकदम धाड. सुपारी तशी नाही, ती काडीसारखी पटकन तुटते, आणि एक पडली की शेजारचीला घेऊन पडते. संध्याकाळी दार उघडलं तर वाडी नव्हतीच. आजोबांनी लावलेल्या पोफळी, रोठा सुपारीची ती सगळी बाग, आडवी. आभाळ एवढं मोठं दिसत होतं की भीती वाटली.

वीज गेली, नेटवर्क गेलं, रस्ते बंद. गावात चालू स्थितीत एकच कटर होता, माझ्या काकाचा. काका भाड्याने झाडं कापून देतो. ५८ सीसीची स्वस्तातली मशीन, बाजारात मिळते ती साधी. गुरुवारी सकाळपासून आम्ही सुरू केलं. काका कापणार, मी आणि दोन पोरं झावळ्या ओढणार, ओंडके बाजूला लोटणार. आधी गावातला रस्ता, मग घरांवर पडलेली झाडं, वाड्या सगळ्यात शेवटी. हे कोणी ठरवून दिलं नव्हतं, पण सगळ्यांना आपोआप कळत होतं.

शुक्रवारी दुपारी चेन सैल झाली. नवी चेन पहिल्या दिवशी ताणतेच. काकाने मशीन बंद केली, बाजूचं कव्हर उघडायला घेतलं. आत ओला भुसा आणि ऑइल यांचं चिखल झालं होतं, ते साफ करायचं होतं. कव्हर दोन नटांवर असतं. दोन्ही नट काढून त्याने माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "धर रे हे." मी धरले. तेवढ्यात पलीकडून कोणीतरी हाक मारली, झावळी उचलायला. मी नट एका माडाच्या खोडावर ठेवले, झावळी उचलली, आणि झावळीचं टोक खोडावरून सरकत गेलं.

एक नट तिथेच मिळाला. दुसरा नाही.

तुम्ही कधी पडलेल्या पोफळीच्या वाडीत नट शोधलाय? खाली पाटाचं पाणी, वर पाचोळा, त्यावर झावळ्या, त्यावर भुसा. फोनला चार्जिंग नाही म्हणून टॉर्च नाही. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून फिरवलं, त्याला खिळे चिकटले, बिजागरीचा तुकडा चिकटला, एक जुना दाभण मिळाला. नट नाही. तीन तास. मला काका काहीच बोलला नाही, ते जास्त लागलं.

आता हा नट नसला तर काय होतं, ते नीट सांगतो, कारण मलाही तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटायचं, दोन नट कव्हर धरायला असतात. एक नसला तर कव्हर जरा हलेल, एवढंच. तसं नाहीये. मशीनच्या बॉडीतून दोन स्टड बाहेर येतात. पट्टी त्या दोन स्टडवर अडकते, पण तिला खाच लांबट असते, म्हणजे ती पुढेमागे सरकू शकते. चेन ताणण्यासाठी ती सरकायलाच हवी. मग ती जागेवर राहते कशाने? तर कव्हर आणि बॉडी यांच्या मध्ये ती दाबून धरलेली असते म्हणून. तो दाब हे दोन नट देतात. बाकी काही नाही. बाजूला जो चेन ताणायचा स्क्रू असतो, त्याची पिन पट्टीच्या भोकात बसते, पण तिचं काम फक्त पट्टी पुढे ढकलण्याचं. कापतानाचा झटका सोसण्याची तिची ताकद नाही. नट सैल असले की सगळा भार त्या पिनेवर येतो, पिन वाकते नाहीतर तुटते, पट्टी मागे येते, चेन सैल पडते, आणि सैल चेन पट्टीवरून उतरते. ती उतरते तेव्हा इंजिन पूर्ण जोरात फिरत असतं, हे लक्षात घ्या.

आणि नटाला ती रुंद कॉलर का, तर दाब पसरावा म्हणून. साधा नट लावला तर त्याचं तोंड लहान, ते कव्हरमध्ये रुततं. आज घट्ट वाटतं, दहा मिनिटं मशीन थरथरली की सैल.

आम्ही नेमकं तेच केलं.

म्हणजे लगेच नाही. शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार काम बंद राहिलं. दुकान माणगावला, आणि माणगावच्या रस्त्यावर झाडं. ती झाडं कापायला कटर पाहिजे, आणि कटरला नट पाहिजे. आमच्या शेजारी एक आजी राहतात, एकट्या. त्यांच्या घराच्या आढ्यावर फणस पडला होता. आम्ही शनिवारी सकाळी त्यांचं काढणार होतो. त्या गोठ्यात राहायला गेल्या होत्या, तांदळाचं पिंप आणि देव घेऊन. शनिवारी रात्री एक जोराची सर आली. मी आमच्या पडवीत झोपलो होतो, ताडपत्रीवर पाऊस वाजत होता, आणि मला त्यांचं फुटकं छप्पर दिसत होतं. मृग तोंडावर आला होता.

रविवारी सकाळी काकाने पाण्याच्या पंपाच्या क्लॅम्पचा नट काढून आणला. आठ एमएमचाच होता, आटे जुळले. खाली दोन वायसर टाकले, पाना लावून कचकचून आवळला. "आता बघू," म्हणाला. आजींच्या फणसाची वरची फांदी कापली, दुसरी कापली. मग खाली उतरून बुंधा घेतला. अर्ध्यात पट्टी गेली आणि एकदम आवाज बदलला. चेन उतरली, खालून मागे फेकली गेली आणि त्याच्या उजव्या नडगीवर बसली. अंगात हाफ पॅन्ट, पायात स्लीपर. आमच्याकडे कापणारे अजूनही तसेच असतात, मी खोटं कशाला सांगू.

इथे दुसरा एक तुकडा येतो. प्रत्येक कटरला पट्टीच्या खाली, बॉडीच्या तोंडाशी, एक छोटासा आकडा असतो. अल्युमिनिअमचा किंवा प्लॅस्टिकचा, अंगठ्याएवढा. चेन तुटली किंवा उतरली तर ती त्याच्यावर अडकावी, पूर्ण लांबीने मागे येऊ नये, एवढंच त्याचं काम. चेन कॅचर म्हणतात. एका स्क्रूवर असतो. आमच्या मशीनचा तो शिमग्याच्या आधी तुटला होता. "काय अडतंय त्याच्यावाचून," असं म्हणून राहिला. खरंच काही अडत नव्हतं, मशीन छान चालत होती. तो आकडा वर्षानुवर्षं नुसता बसून असतो आणि एकदाच कामाला येतो.

जखम खोल नव्हती, हाड वाचलं. पण दवाखान्यात न्यायचं तर रस्त्यावर झाडं. चौघांनी खुर्चीत बसवून, ओंडक्यांवरून चढत-उतरत, पुढच्या गावापर्यंत नेला. तिथून टेम्पो मिळाला. सात टाके. वाटेत एका आडव्या पडलेल्या शिरसाच्या झाडावर खुर्ची टेकवली तेव्हा काका म्हणाला, "हे आज आपणच कापलं असतं." त्यावर मी काय बोलणार?

आजींचा फणस मग दुसऱ्या गावातून आलेल्या पोरांनी मंगळवारी काढला. तांदूळ बऱ्यापैकी वाचला होता. घराची एक भिंत मात्र भिजून बसली.

तर मंडळी, ही झाली गोष्ट. आता डबा.

माझ्या आजोबांचा पितळी पानाचा डबा होता. पानाला एक कप्पा, चुन्याला छोटी डबी, कात, सुपारी, लवंग, सगळ्याला वेगळी घरं. आजोबा गेल्यावर तो माळ्यावर पडला होता. त्या पावसाळ्यात मी तो खाली काढला, चिंचेने घासला, आणि तेव्हापासून तो आमच्या कटरचा डबा आहे. आजीला आधी आवडलं नाही. मग तिनेच चुन्याच्या डबीत ग्रीस भरून दिलं.

पानाच्या घरात पट्टीचे नट आहेत. चार. दोन मशीनवर आणि चार डब्यात, असा आमचा नियम. विकत घेताना जुना नट सोबत न्या, नुसतं "कटरचा नट द्या" म्हणू नका. बहुतेक मशीनवर स्टड ८ एमएमचा आणि आट्यांचं अंतर १.२५ असतं, पण नटाचं डोकं वेगळं. आमच्या मशीनला १३चा पाना लागतो. स्टिलच्या बहुतेक मशीनवर नट आणि प्लग दोघांनाही १९चाच पाना चालतो. म्हणजे चुकीच्या डोक्याचा नट आणलात तर आटे बसतील, पण रानात पाना बसणार नाही. काही नव्या मॉडेलना नट कव्हरलाच अडकवून ठेवलेले असतात, सुटून पडतच नाहीत. ज्याने हे शोधलं तोही कधीतरी पाचोळ्यात तीन तास बसला असणार, अशी माझी खात्री आहे.

त्याच्या शेजारी चेन ताणायचा स्क्रू, पिनेसकट. हा स्क्रू आणि पिन जोडीनेच ठेवा, कारण खराबही जोडीनेच होतात. आणि चेन कॅचर, दोन.

कटरच्या बॉडीला बाकी जे स्क्रू असतात ते बहुतेक ५ एमएमचे. स्टिलवर तारा असतो, टी-२७ नावाचा बिट लागतो. हुस्कवर्नाच्या पुष्कळ मशीनवर आणि या स्वस्त मशीनवर ४ एमएमची एलन की लागते. लांबी मात्र जागेप्रमाणे बदलते, आणि इथेच लोक फसतात. स्क्रू सापडत नाही म्हणून जवळचा जरा लांब स्क्रू लावतात. तो तळाला टेकतो, डोकं घट्ट वाटतं, पण भाग पकडलेलाच नसतो. जोर केला तर मॅग्नेशिअमची बॉडी तडकते. काही जागी आत फिरणारं चाक असतं, लांब स्क्रू त्याला घासतो. म्हणून आम्ही प्रत्येक लांबीचे दोन-दोन ठेवतो आणि प्रत्येक जोडीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलाय. पिवळा दोरा म्हणजे दोरीच्या कव्हरचा. लाल म्हणजे हँडलचा.

प्लॅस्टिकमध्ये जाणारा स्क्रू वेगळा असतो, त्याचे आटे लाकडाच्या स्क्रूसारखे रुंद. तो परत लावताना एक युक्ती आहे, मला एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी शिकवली. आधी स्क्रू हलक्या हाताने उलटा फिरवायचा. फिरवता फिरवता 'टक' असं बोटाला जाणवतं. म्हणजे तो जुन्या आट्याच्या तोंडाशी आला. तिथून सुलटा फिरवायचा. सरळ घुसवला तर तो नवे आटे पाडतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला भोक मोठं होऊन स्क्रू नुसता गरगर फिरतो. आणि मंडळी, ड्रिल मशीन लावून स्क्रू आवळू नका. हातानेच. आटे गेले की स्क्रू पाच रुपयांचा असला तरी बॉडी पाच रुपयांची नसते.

आता जरा वेळ काढून एक गोष्ट सांगतो, कारण ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि कोणी सांगत नाही.

त्याच वर्षीच्या थंडीत आमची मशीन विचित्र वागायला लागली. रेसचा खटका सोडला तरी इंजिन खाली यायचं नाही, वरच्या वर गुणगुणत राहायचं. रेस न देता चेन फिरायची. काकाने कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा इकडे फिरव, थोडा तिकडे फिरव, असं करून दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी मशीन चालता चालता बसली. दोरी ओढली तर अडकलेली. मिस्त्रींकडे नेली. त्यांनी सिलिंडर काढून दाखवला, पिस्टनवर उभे ओरखडे, जसं कोणी कानशीने घासलंय. मग कार्ब्युरेटरकडे बोट दाखवून म्हणाले, "हे दोन नट हाताने फिरतायत बघ."

एअर फिल्टरच्या मागे कार्ब्युरेटर असतो, तो दोन लांब स्क्रूंवर किंवा स्टडवर बसतो. थरथरीने ते सैल झाले होते. मध्ये फट पडली की तिथून फुकटची हवा आत जाते. आता विचार करा, या इंजिनला वेगळं ऑइल नसतं. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. हवा जास्त गेली म्हणजे पेट्रोल कमी गेलं, आणि पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. इंजिन उलट जास्त जोरात पळतं, म्हणून आपल्याला वाटतं मशीन आज जोरात आहे. प्रत्यक्षात ती आतून कोरडी पडून जळत असते. साडेतीन हजार रुपये गेले, सिलिंडर-पिस्टनचा सेट आणि मजुरी धरून. महिनाभर आधी फिल्टर काढला तेव्हा कोणी एकाने ते दोन नट पान्याने टोकून बघितले असते तर?

तेव्हापासून फिल्टर साफ करायला कव्हर काढलं की पाना आत जातोच. आणि डब्यात सुपारीच्या घरात ते दोन नट, त्यांचे वायसर, आणि मधला कागदी गॅसकेट. गॅसकेट मी वहीच्या पुठ्ठ्यात दाबून ठेवतो, नाहीतर दुमडतो.

सायलेन्सरचे स्क्रूसुद्धा असेच सैल होतात. तिथे आटे धरून ठेवणारा तो निळा डिंक लावून उपयोग नाही, उष्णतेने मऊ पडतो. तिथे स्प्रिंग वायसर, आणि आठवड्याला एकदा मशीन थंड असताना आवळणं. उन्हाळ्यात वाळक्या पाचोळ्यावर सैल सायलेन्सरची मशीन ठेवणं म्हणजे काय, ते तुम्हीच समजून घ्या. निळा डिंक बाकीच्या बऱ्याच जागी छान काम करतो, हँडलच्या स्क्रूंना लावा. लाल नको. लालवाला सोडवायला आच द्यावी लागते, आणि पेट्रोलच्या मशीनला आच द्यायची कल्पनाच नको.

क्लचच्या मधोमध एक बारीकशी क्लिप असते, इंग्रजी ई अक्षरासारखी. तिच्यामागे पातळ वायसर. ही क्लिप काढताना टिंग करून उडते, आणि उडाली की गेली. आम्ही वर फडकं धरून काढतो. तरी सहा जादा ठेवल्यात, कारण फडकंही कधीकधी हरतं. ही सगळ्या मशीनवर नसते, पण जिथे असते तिथे ती नसली तर ड्रम जागेवर राहत नाही. क्लचचं सांगायचं तर, तो स्वतः उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसल्यामुळे मी एक चांगला पाना वाकवलाय.

बाकीचं पटकन सांगतो. प्लग एक जादा, मशीनच्या पुस्तकात लिहिलेल्या नंबरचाच. प्लगच्या डोक्यावर कधीकधी एक छोटी टोपी आट्यांवर बसवलेली असते, ती सैल झाली तरी मशीन मिसिंग करते आणि आपण कार्ब्युरेटरला शिव्या देतो. दोरी मीटरभर, साडेतीन एमएम जाडीची, टोक जाळून ठेवलेली. पेट्रोलच्या टाकीतला फिल्टर. दोन्ही झाकणांची रबरी रिंग. चेन तुटली तर कडी घालून जोडता येते, पण त्यासाठी रिव्हेट नीट बसवणारं हत्यार लागतं. दगडावर ठेवून हातोडीने ठोकलेली चेन मी तरी माझ्या अंगाजवळ फिरवणार नाही. दुसरी चेनच बाळगा.

आणि हो, मेलेली मशीन भंगारात देऊ नका. तेच मॉडेल असेल तर ती खाण आहे. आमच्याकडे आता एक मेलेला कटर आहे, पोटमाळ्यावर. त्याच्यातून आजवर अकरा स्क्रू, एक हँडलचा रबर, दोरीची स्प्रिंग एवढं निघालंय. फक्त ती दोरीची स्प्रिंग काढताना डोळे सांभाळा, सापासारखी उसळते.

एवढं सगळं डब्यात असून हरवायचंच थांबवलं नाही तर काय उपयोग, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणून डब्याबरोबर एक जुनी पांढरी चादर असते. मशीन उघडायची ती चादरीवरच, मग वाडी असो की रस्ता. उघडायच्या आधी प्लगची टोपी काढायची, हे सगळ्यात पहिलं. आणि फोन खिशात आहेच ना तुमच्या? कव्हर काढायच्या आधी एक फोटो, काढल्यावर एक फोटो. स्क्रू जास्त असतील तर पुठ्ठ्यावर मशीनचं वेडंवाकडं चित्र काढायचं आणि ज्या जागचा स्क्रू त्या जागी पुठ्ठ्यात खुपसायचा. मला चित्रकलेत कधी पासापुरतेही मार्क पडले नाहीत, पण या चित्रांवर काका खूश असतो. नट मात्र हातात धरायचे नाहीत, कोणी कितीही "धर रे" म्हणालं तरी. डब्याचं झाकण उलटं ठेवायचं आणि त्यात टाकायचे.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. १७ मे २०२१. आमच्याकडे निसर्गइतकं नाही झालं, पण जे काही उभं राहिलं होतं त्यातलं बरंच गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही म्हसळ्याच्या बाजूला रस्त्यावर कापत होतो. पलीकडच्या टोकाने दुसरी टोळी कापत येत होती. मध्ये एक आंबा होता, भला मोठा. त्यांची मशीन बंद पडलेली दिसली. त्यांच्यातला एक माझ्याच वयाचा मुलगा गुडघ्यांवर बसून पाचोळा चाळत होता. मला विचारायची गरजच पडली नाही.

मी डबा घेऊन गेलो. सुदैवाने त्यांच्या मशीनलाही आमच्यासारखाच नट होता. मी एक दिला, त्याने लावला, पट्टीचं टोक वर उचलून धरलं आणि मग आवळला. हे त्याला बरोबर माहीत होतं. टोक खाली लोंबतं ठेवून आवळलं तर नंतर चेन सैल पडते. दोन्ही बाजूंनी कापत आंबा तासाभरात मोकळा झाला. जाताना तो म्हणाला, "दादा, उद्या आणून देतो."

हे बोलतोय तोवर तरी दिलेला नाही. काका अजून अधूनमधून विचारतो, "त्या पोराकडून नट आला का रे?" आता त्याच्या मागे लागायचं म्हणजे पंधरा रुपयांसाठी पन्नासचं पेट्रोल. पण काकाचा हिशेब वेगळा आहे. तो रोज संध्याकाळी डबा उघडतो, नडगीवरची ती खूण खाजवत बसतो, आणि पानाच्या घरातले नट मोजतो. तीन असतात. मग मला हाक मारतो.

तर त्या मुलापर्यंत हा भाग पोहोचला असेल तर, मित्रा, ठेव तो तुझ्याकडेच. मी उद्या माणगावला चाललोय, दोन घेऊन येतो. पुढच्या भागात कानशीबद्दल बोलू, म्हणजे चेनला धार कशी लावायची आणि एका बाजूचे दात बऱ्याचदा बोथट का राहतात. तोवर काळजी घ्या. भेटू.